टाटांची आचारसंहिता: मागच्या पानांपासून वाचावी अशी पुस्तिका

टाटा समूहाची आचारसंहिता विकत घ्यावी लागत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून ती कोणालाही फुकट उतरवून घेता येते. तरीही तिचं परीक्षण करावंसं वाटतं, कारण गोव्यात तिच्या कक्षेत काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. सिकेरीला १९७४ पासून उभं असलेलं ताज फोर्ट आग्वाद आणि सत्तरीत बसच्या बॉडी बांधणारी, १९८० साली स्थापन झालेली ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही त्यातली दोन सहज आठवणारी नावं. शिवाय वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींतल्या मध्यम कंपन्या स्वतःची संहिता लिहायला बसल्या की नमुना म्हणून हीच उघडतात आणि त्यातली पानंच्या पानं उचलतात. म्हणून ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे अपुरी पडते, हे नीट सांगायला हवं.

मत आधीच सांगतो. भाषा सरळ आहे, प्रश्नोत्तरं कामाची आहेत आणि भेटवस्तूंचं प्रकरण भारतातल्या कोणत्याही मोठ्या कंपनीने समोर ठेवावं इतकं स्पष्ट आहे. मात्र शॉप फ्लोअरवरच्या, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्या कामगारासाठी ही एकटी पुस्तिका पुरत नाही. कोणत्याही मोठ्या कंपनीची संहिता पारखायची असेल, तर मूल्यांच्या पानांवर रेंगाळू नये. तक्रार कुठे करायची, ती कोण वाचणार आणि तक्रार करणाऱ्याचं पुढे काय होणार, ही शेवटची पानं आधी उघडावीत.

ही संहिता लिखित रूपात १९९८ साली आली आणि २०१५ साली तिची मांडणीच बदलली. आधी ती कलमवार होती. आता कंपनीचा ज्यांच्या-ज्यांच्याशी संबंध येतो, त्यांच्यानुसार प्रकरणं आहेत: कर्मचारी, ग्राहक, समाज आणि पर्यावरण, पुरवठादार, गुंतवणूकदार, सरकार आणि समूहातल्या इतर कंपन्या. हा बदल चांगलाच झाला. खरेदी विभागातल्या माणसाला सगळी पुस्तिका चाळावी लागत नाही, पुरवठादारांचं प्रकरण काढलं की भागतं. मध्येमध्ये चौकटीत प्रश्नोत्तरं आहेत, म्हणजे एक प्रसंग आणि त्यात काय करायचं याचं उत्तर. नव्या भरतीच्या प्रशिक्षणात मूल्यांच्या स्लाइड दाखवण्याऐवजी या चौकटींवर अर्धा तास चर्चा घेतली, तर ऐकणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहतं.

आता मागची पानं. शंका किंवा तक्रार वरिष्ठाकडे, एथिक्स काउन्सेलरकडे (संहितेच्या पालनासाठी कंपनीने नेमलेला अधिकारी) किंवा कंपनीच्या गोपनीय मार्गाने मांडता येते, असं संहिता सांगते. खरी तक्रार करणाऱ्याचा सूड घेतला तर सूड घेणाऱ्यावर कारवाई होईल, असंही तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. यामागे कायद्याचाही आधार आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, जनतेकडून ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्यांना तक्रारीची अशी यंत्रणा ठेवावीच लागते. अपवादात्मक प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाण्याची सोयही तिच्यात असावी लागते. हे शेवटचं वाक्य गोव्यातल्या कारखान्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. प्लांट हेडच्याच विरोधात तक्रार असेल, तर प्लांटच्या एचआरकडे ती देण्यात काहीच अर्थ नसतो.

तक्रार किती दिवसांत निकाली काढायची, याची मुदत मात्र या पुस्तिकेत शोधू नये. ती प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र व्हिसलब्लोअर धोरणात, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीच्या नियमांत, पाहावी लागते, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. धोरणात पोच किती दिवसांत मिळेल, चौकशी कोण करेल आणि निकाल तक्रारदाराला कळवणार की नाही, या तिन्हींची उत्तरं सापडली नाहीत, तर संहितेतलं सूड न घेण्याचं आश्वासन अधांतरी राहतं.

तक्रारीची हेल्पलाइन चालू आहे की नाही, हे तपासायला फोन लावून बघावा. रात्रपाळी सुरू झाल्यावर फोन उचलतात का? मराठी किंवा कोकणीत बोललं तर समोरच्याला कळतं का? संभाषण संपताना तक्रार क्रमांक देतात का? क्रमांक मिळाला नाही तर पाठपुरावा करायला हातात काहीच उरत नाही. ईमेल पत्ता दिलेला असेल, तर त्या पेटीची चावी कोणाकडे आहे हेही विचारावं. पत्ता एथिक्स विभागाचा आणि पासवर्ड एचआर प्रमुखाच्या साहाय्यकाकडे, अशी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी असते. तिथेच गोपनीयता संपते.

निनावी तक्रार करणाऱ्याची ओळख बहुतेक वेळा नावामुळे फुटत नाही, तपशिलामुळे फुटते. 'मंगळवारी दुसऱ्या पाळीत तीन नंबरच्या वजनकाट्यावर' असं लिहिलं की त्या वेळी तिथे कोण होतं, हे हजेरीपटावरून पाच मिनिटांत कळतं. चौकशी करणारा जाणकार असेल, तर तो फक्त त्या मंगळवारचे कागद मागवत नाही. तीन महिन्यांची सगळी चलनं, दोन-तीन काट्यांच्या नोंदी आणि गेटपासची वही एकदम मागवतो, म्हणजे बोट कोणाकडे आहे हे कोणालाच कळत नाही. तक्रारदारानेही आपल्याला एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट पहिल्या पत्रात लिहू नये. गाडीचा नंबर, चलन क्रमांक, बिलाची तारीख असे कागदावर सापडणारे दुवे द्यावेत. बाकीचं चौकशी अधिकाऱ्याने गोपनीयतेची लेखी हमी दिल्यावर सांगता येतं.

भेटवस्तूंचं प्रकरण या संहितेत सगळ्यात पक्कं आहे. व्यवसायातल्या संबंधिताकडून भेट घ्यायची असेल, तर ती नाममात्र किमतीची हवी, तिने उपकाराचं ओझं येता कामा नये आणि निर्णयावर परिणाम होता कामा नये. रोख रक्कम, सोनं किंवा इतर मौल्यवान धातू, रत्नं आणि नोकरीच्या आश्वासनासारखे फायदे सरळ वर्ज्य आहेत. हे नियम कागदावर साधे दिसतात, पण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की त्यांची खरी परीक्षा सुरू होते.

चवथीच्या आधीच्या आठवड्यात कंत्राटदारांची माणसं ऑफिसात येत नाहीत, घरी येतात. ड्रायफ्रूटचा डबा, काजूची पिशवी, माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या आराशीला) म्हणून नारळ-फळांची टोपली आणि टोपलीच्या तळाशी पाकीट किंवा चांदीचं नाणं. घरात आई किंवा बायको असते, सणाच्या दिवसात देवाच्या नावाने आणलेली वस्तू परत पाठवणं तिला जड जातं. इथे संहितेचं उत्तर स्पष्ट आहे. चांदीचं नाणं कितीही लहान असलं तरी मौल्यवान धातूच आहे, ते परत जायला हवं. मॉलचं व्हाउचर रोखीसारखंच वापरता येतं, तेही परत. फळं परत केली तर नासतील, म्हणून ती कँटीनमध्ये देऊन नोंद करावी. नोंद एका ओळीची असते: तारीख, कोणी दिलं, काय दिलं, अंदाजे किंमत, पुढे काय केलं. ही वही सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात ठेवून उपयोग नाही. एथिक्स काउन्सेलरने दर महिन्याला त्यावर सही केली पाहिजे.

या प्रकरणाची एक उणीव अशी, की 'नाममात्र' म्हणजे किती रुपये, हे प्रत्येक कंपनीवर सोडलं आहे. समूहात पंचतारांकित हॉटेलपासून बसच्या कारखान्यापर्यंत सगळं असल्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण जिथे कंपनीने आकडाच ठरवलेला नाही, तिथे प्रत्येकाचं नाममात्र वेगळं होतं. आकडा ठरवावा, परिपत्रक काढावं आणि चवथीच्या तीन आठवडे आधी सगळ्या पुरवठादारांना पत्र पाठवावं की घरी काही पाठवू नये. पत्र गेल्यावर नकार देणं कर्मचाऱ्याला सोपं जातं, तो कंपनीच्या नियमाकडे बोट दाखवू शकतो. ज्या पुरवठादाराचा दरकरार नव्याने ठरायचा आहे, त्याच्याकडून त्या काळात नाममात्र किमतीचंही काही घेऊ नये.

हितसंबंधांच्या संघर्षाचं प्रकरण वाचताना गोव्याचा आकार लक्षात ठेवावा लागतो. तालुक्यातल्या कोणत्याही ठेक्यात कोणाचा तरी मेव्हणा, साडू किंवा चुलतभाऊ निघतो. नातं असणं हा गुन्हा नाही आणि संहितेचं म्हणणंही तसं नाही. ते उघड न करणं आणि उघड केल्यावरही निर्णयात बसून राहणं, ही खरी अडचण आहे. कामगारांची ने-आण करणाऱ्या बसचा ठेका घ्या. बस पुरवणाऱ्या फर्ममध्ये वाहतूक सुपरवायझरचा मेव्हणा भागीदार आहे. सुपरवायझर वार्षिक फॉर्मवर लिहितो, 'माझे काही नातेवाईक व्यवसायात आहेत.' हे उघड करणं नव्हे. लिहायला हवं ते असं: 'माझ्या पत्नीचा भाऊ अमुक फर्ममध्ये भागीदार आहे. ही फर्म वाळपई ते होंडा मार्गावर दोन बस पुरवते. फेऱ्यांच्या नोंदवहीवर माझी सही असते.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण पैसे त्या सहीवरून निघतात.

हा फॉर्म मिळाल्यावर एचआरने काय करायचं? फाइलला लावून ठेवला तर तो न भरल्यासारखाच. फेऱ्यांची नोंद तपासायचं काम दुसऱ्या विभागाकडे द्यायचं, निविदा उघडताना त्या सुपरवायझरला बसवायचं नाही आणि हा निर्णय लेखी कळवायचा. फॉर्म वर्षातून एकदा भरणं पुरेसं नाही. लग्न झालं, भावाने नवी फर्म काढली, बढती मिळून सहीचे अधिकार वाढले, की पुन्हा भरायला हवा.

राजकारणात कंपनी म्हणून कोणत्याही पक्षाची किंवा उमेदवाराची बाजू घ्यायची नाही, असं संहिता सांगते. पण गावच्या पंचायतीला स्वतः उभं राहू इच्छिणारे कर्मचारी गोव्यात असतात. त्यांनी फक्त या पुस्तिकेच्या भरवशावर राहू नये. नियुक्तिपत्रातली अट आणि एचआरचं लेखी उत्तर, दोन्ही आधी हातात घ्यावं. कंपनीचा परवाना त्याच पंचायतीकडे असेल, तर निवडून आल्यावर त्या विषयाच्या चर्चेत आणि मतदानात भाग न घेणं हा एकच सुरक्षित मार्ग आहे.

लाचेवर संहिता ठाम आहे, देणंही नाही आणि घेणंही नाही. तिच्या जोडीला प्रत्येक साइट इंजिनिअरला कायद्यातली एक मुदत माहीत हवी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. कंपनीच्या आतल्या हेल्पलाइनला कळवलं म्हणजे ही अट पूर्ण झाली, असा समज करून घेऊ नये. कंपनीवरही जबाबदारी येते आणि लाच रोखण्यासाठी पुरेशा कार्यपद्धती होत्या, हे कंपनीला दाखवावं लागतं. नुसती संहितेची छापील प्रत दाखवून ते सिद्ध होत नाही. प्रशिक्षणाची हजेरी, कंत्राटदारांची छाननी, एजंटला दिलेल्या कमिशनची कारणं, असे कागद लागतात. एजंटच्या बिलावर 'इतर खर्च' एवढंच लिहिलेलं असेल, तर लेखा विभागाने ते तिथेच अडवावं.

आता जिथे ही पुस्तिका कमी पडते तिथे येऊ. कामगारावर शिस्तभंगाची कारवाई होते ती स्थायी आदेशांनुसार, म्हणजे आस्थापनेच्या नोकरीच्या अटींच्या कायदेशीर नियमांनुसार, आचारसंहितेनुसार नाही. १९४६ च्या कायद्यात १०० कामगारांच्या आस्थापनांना स्थायी आदेश लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० वर गेली. गैरवर्तन कशाला म्हणायचं, याची यादी या आदेशांत असते. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या १९८० च्या दशकातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की यादीत नसलेल्या कृत्याला गैरवर्तन ठरवून शिक्षा देता येत नाही. तरीही 'आपण कंपनीच्या आचारसंहितेचा भंग केला आहे' एवढंच लिहिलेल्या चार्जशीट निघतात आणि कामगार न्यायालयात टिकत नाहीत. चार्जशीटमध्ये कृत्य, तारीख, वेळ, जागा आणि स्थायी आदेशातलं कलम लिहावं लागतं. कामगाराला उत्तराची संधी, कागदपत्रांच्या प्रती, साक्षीदाराची उलटतपासणी आणि मदतीला सहकारी मिळाला पाहिजे. निलंबन असेल तर पहिल्या ९० दिवसांत निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता आणि चौकशी कामगाराच्या चुकीशिवाय लांबली तर त्यापुढे ७५ टक्के. व्यवस्थापकांचं वेगळं असतं. त्यांच्या बाबतीत संहिता नियुक्तिपत्राचा भाग करून टाकता येते.

लैंगिक छळाच्या तक्रारीतही संहिता ही फक्त दाराची पाटी आहे, काम २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने चालतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक बाहेरचा सदस्य. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, कारवाई ६० दिवसांत. या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १२ मे २०२३ चा महत्त्वाचा निकाल गोवा विद्यापीठातल्याच प्रकरणातून आला. चौकशी घाईने उरकल्यामुळे नैसर्गिक न्याय डावलला गेला, म्हणून न्यायालयाने कारवाई रद्द करून प्रकरण परत पाठवलं. शिवाय कायदा होऊन दशक उलटलं तरी समित्या नीट नेमल्या गेलेल्या नाहीत, याची कडक दखल घेतली. कंपन्यांनी यातून घ्यायचं ते दुहेरी आहे. तक्रार दाबणं जसं चूक, तसं निकाल लवकर लावण्याच्या भरात समोरच्याला बोलूच न देणंही चूक. दुसऱ्या चुकीचं नुकसान शेवटी तक्रारदार बाईलाच सोसावं लागतं, कारण सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न राहतोच. वेर्ण्याच्या गेटवर सकाळी उतरणाऱ्यांत पेडणे, दोडामार्ग, सावंतवाडीचे मराठी बोलणारे असतात, तसे कर्नाटक, ओडिशा, झारखंडचेही असतात. त्यांच्या नावावर कंपनीचं हजेरीचं पंचिंग नसतं, मेल आयडी नसतो, म्हणून ऑनलाइन प्रशिक्षण आणि वार्षिक सही या दोन्हींतून ते गळतात. छापील इंग्रजी प्रतीवर त्यांची सही घेऊन काही साधत नाही. काम सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांच्या टूलबॉक्स टॉकमध्ये त्यांच्या भाषेत तीनच गोष्टी सांगाव्यात: दिलेल्या पगारातले पैसे परत मागितले गेले तर, सेफ्टी बूट न देता कामाला लावलं तर आणि कोणी अंगाला हात लावला तर कुठे सांगायचं.

कागद सुंदर असूनही कंपनी बुडते, याचं उदाहरण मराठी वाचकांना जवळचं आहे. दाभोळचा वीज प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉनची जुलै २००० ची नीतिसंहिता ६४ पानांची होती आणि कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं २०१६ मध्ये उघड झालेलं प्रकरण जास्त शिकवतं. खाती उघडण्याची अशक्य टार्गेट दिल्यामुळे ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढलं. टार्गेट तशीच ठेवून संहितेचं प्रशिक्षण वाढवलं तर काही बदलत नाही. आपल्याकडेही डिस्पॅचचा आकडा महिन्याच्या ३१ तारखेला कसाही गाठायचाच, असा हुकूम असेल, तर तपासणीच्या शिक्क्याशिवाय माल बाहेर पडतो. तिथे दोष फक्त शिक्का मारणाऱ्याचा नसतो.

बाहेरून कंपनी तपासायची सोयही आहे. बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. लाचखोरीत कारवाई झालेल्यांची संख्या आणि लैंगिक छळाच्या तक्रारी त्यात मिळतात. जुलै २०२५ पासून संचालकांच्या अहवालातही लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांवर रेंगाळल्या, हे द्यावं लागतं. हजारो कर्मचाऱ्यांच्या कंपनीत वर्षानुवर्षं शून्य तक्रारी दिसल्या तर समाधान मानू नये. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने मुलाखतीतच विचारावं की हेल्पलाइन कोण चालवतं.

मध्यम कंपनीने टाटांची पानं उचलायची असतील, तर भेटवस्तू, हितसंबंध आणि तक्रारीचे मार्ग ही तीन प्रकरणं घ्यावीत आणि आपल्या आकड्यांसह लिहावीत. एथिक्स काउन्सेलर नेमलाच नसेल तर ते पद उतरवून घेऊ नये, त्याऐवजी एका संचालकाचं पदनाम आणि थेट फोन नंबर द्यावा. मग मराठी, कोकणी, हिंदी आणि गरजेप्रमाणे कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत एक पान छापून पंचिंग मशीनजवळ, कँटीनच्या हात धुण्याच्या जागी आणि महिलांच्या चेंजिंग रूममध्ये लावावं. कॅमेऱ्याच्या समोर लावू नये, नंबर उतरवून घेणारा त्यात दिसतो. आणि ज्याचा नंबर दिला आहे तो माणूस बदलला की त्याच दिवशी तिन्ही ठिकाणचा कागद बदलावा.